ईईजीवर ९७ टक्के ॲक्युरसी, नवीन माणसावर ५५: गडबड कुठे होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ चॅनेलचा ईईजी हेडसेट (डोक्यावरून मेंदूचे विद्युत सिग्नल टिपणारा), सोबत मनगटावरचा बँड ज्यात पीपीजी (प्रकाशाने नाडी टिपणारा सेन्सर) आणि ॲक्सेलरोमीटर (हालचाल मोजणारा) आहे, वीसेक लोकांना स्क्रीनसमोर बसवून तासभर एक कंटाळवाणं काम करून घेतलं, आणि माणूस जागा आहे की पेंगतोय हे ओळखणारं मॉडेल बनवलं. प्रोसेसिंग नेहमीचंच: दोन-दोन सेकंदांचे तुकडे ५० टक्के ओव्हरलॅपने, १ ते ४० हर्ट्झचा बँडपास (तेवढ्याच फ्रीक्वेन्सी ठेवणारा फिल्टर), एफएफटी (सिग्नलची फ्रीक्वेन्सींत फोड), बँड पॉवर (प्रत्येक पट्ट्यातली ताकद), आणि शेवटी रँडम फॉरेस्ट हे मॉडेल. टेस्ट सेटवर ९७ टक्के, नवीन माणूस बसवला की ५५. आता डीप लर्निंग लावू की चॅनेल वाढवू, असं विचारलंय.

आत्ता तरी दोन्ही नको. आधी तो ९७ कुठून आला ते बघू, कारण तो आकडा खरा कधी नव्हताच.

सगळ्या लोकांचे सगळे तुकडे एकत्र करून, पत्ते पिसल्यासारखे पिसून ८०-२० केले असणार. म्हणजे एकाच माणसाचे तुकडे ट्रेनमध्येही आले आणि टेस्टमध्येही, आणि ओव्हरलॅप ५० टक्के असल्यामुळे टेस्टमधल्या तुकड्याची अर्धी, बहुतेकदा सगळीच सॅम्पल्स मॉडेलने ट्रेनिंगमध्येच पाहिलेली होती. त्यात ईईजी हा फार व्यक्तिगत सिग्नल आहे, कवटीची जाडी, केस, इलेक्ट्रोड कसा बसलाय, अल्फा लयीचं (८ ते १२ हर्ट्झ) शिखर ९ हर्ट्झवर आहे की ११ वर, हे सगळं प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे मॉडेल आधी माणूस ओळखायला शिकतं आणि मग त्या माणसाचं लेबल पाठ करतं. दुसरी भानगड याहून बेरकी आहे: पेंग साधारण सगळ्यांना दुसऱ्या अर्ध्या तासातच येते, आणि त्याच वेळात जेल सुकतं, घाम येतो, इलेक्ट्रोड सरकतो, इम्पीडन्स (इलेक्ट्रोड आणि कातडीमधला विद्युत अडथळा) बदलतो. मग मॉडेल झोप ओळखतंय की घड्याळ बघतंय? हे तपासायचं असेल तर जो माणूस अजिबात पेंगला नाही त्याचा डेटा घ्या आणि त्याच फीचर्सवरून पहिला अर्धा तास कुठला आणि दुसरा कुठला हे ओळखता येतं का बघा. आलं, तर तुमच्या फीचर्समध्ये घड्याळ घुसलंय.

उपाय सोपा आहे पण आकडा खाली येतो म्हणून लोक टाळतात. एक माणूस पूर्ण बाजूला ठेवायचा, उरलेल्यांवर ट्रेन, त्याच्यावर टेस्ट, असं प्रत्येकाबाबत करायचं. स्केलिंग, फीचर सिलेक्शन, ज्या ज्या पायरीत डेटावरून काही शिकलं जातं ती प्रत्येक पायरी फोल्डच्या (अशा एका फेरीच्या) आत, फक्त ट्रेनिंगच्या लोकांवर. हे केलं की तुम्हाला घरबसल्या ५५ च्या आसपासचा आकडा दिसला असता, नवीन माणूस बोलवायची गरजच नव्हती.

आता मूळ मुद्दा. माझं म्हणणं एवढंच आहे की सिग्नल प्रोसेसिंगची प्रत्येक पायरी काहीतरी काढून टाकते आणि काहीतरी स्वतःचं आत घालतेही, आणि तुमच्या पाइपलाइनमध्ये कुठली पायरी काय घालते ते माहीत नसेल तर पुढचं मॉडेल कितीही भारी असलं तरी ते त्या घातलेल्या गोष्टीवरच शिकणार.

सुरुवात कच्च्या सिग्नलपासून करा. प्लॉट करून, स्क्रोल करत, प्रत्येक माणसाचा निदान काही मिनिटांचा. डोक्याच्या कातडीवर मिळणारा ईईजी साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा असतो, छातीवरचा ईसीजी (हृदयाचा सिग्नल) एक मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे दहापट ते शंभरपट मोठा. एवढा बारीक सिग्नल आहे म्हणून तर हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी घेतला तरी छापायला १९२९ उजाडलं, आणि तरीही ॲड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये तोच प्रयोग करून दाखवेपर्यंत फारसं कोणी मनावर घेतलं नाही. बर्गरने जे पाहिलं तीच आजही सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची टेस्ट आहे: माणसाला एक मिनिट डोळे मिटायला सांगा, एक मिनिट उघडे ठेवायला सांगा. डोक्याच्या मागच्या चॅनेलवर डोळे मिटल्यावर १० हर्ट्झच्या आसपास स्पेक्ट्रममध्ये टेकाड दिसायला हवं आणि डोळे उघडले की ते बसायला हवं. काही लोकांमध्ये अल्फा मुळातच कमी असतो, पण वीसपैकी बहुतेकांमध्ये दिसत नसेल तर पुढचं काहीही करू नका, हेडसेट नीट बसवा. आणि हो, मागे एकही इलेक्ट्रोड नसलेला, नुसता कपाळाचा हेडसेट असेल तर अल्फाकडून फार अपेक्षा ठेवू नका.

१९७० च्या दशकात एड्रियन अप्टन नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने जेलीच्या गोळ्याला इलेक्ट्रोड लावून ईईजीसारख्या दिसणाऱ्या लाटा मिळवून दाखवल्या होत्या. आजूबाजूची यंत्रं, हालचाल, वायर हलणं, सगळं त्यात येत होतं. लाट दिसली म्हणजे मेंदू आहे असं नसतं.

डोळ्याची उघडझाप जवळून बघा, कारण तुमच्या प्रकरणात बहुतेक तीच खरी खेळाडू आहे. डोळ्याचा पुढचा भाग पाठीमागच्या मानाने पॉझिटिव्ह असतो, पापणी त्यावरून सरकली की कपाळावरच्या चॅनेलला एक गुळगुळीत टेकडी दिसते, शंभर-दोनशे मायक्रोव्होल्टची, कधी त्याहून मोठी, रुंदी साधारण २०० ते ४०० मिलिसेकंद, आणि मागे जाल तशी ती लहान होत जाते. या टेकडीचा एफएफटी घेतला की तिची जवळपास सगळी ताकद डेल्टा (१ ते ४ हर्ट्झ) आणि थीटामध्ये (४ ते ७ हर्ट्झ) जाऊन पडते. आता जो पेंगतोय त्याच्या पापण्या हळू मिटतात आणि जास्त वेळ मिटलेल्या राहतात. मग मॉडेल सांगतं 'फ्रंटल थीटा वाढला की झोप येतेय', आपण खूश, आणि प्रत्यक्षात तो थीटा नसून पापणी आहे. गंमत म्हणजे ही माहिती टाकाऊ अजिबात नाही, पेंग ओळखायला पापणी हे फार चांगलं लक्षण आहे. फक्त तिला मेंदूची लहर म्हणू नका, वेगळं फीचर म्हणून काढा: मिनिटाला किती उघडझापी, प्रत्येक किती वेळाची.

खरा मेंदूचा भागही सरळ रेषेत चालत नाही. डोळे उघडे ठेवून काम करणारा माणूस पेंगायला लागला की आधी अल्फा वाढतो. मग खरी डुलकी लागायला लागली की अल्फा विरतो आणि ४ ते ७ हर्ट्झची हळू लाट वर येते, डोळे आपोआप हळूहळू डावी-उजवीकडे फिरतात. म्हणजे कमी अल्फाचा अर्थ टक्क जागा असाही होतो आणि झोपला असाही होतो. एकट्या अल्फावर मॉडेल उभं केलं तर ते गोंधळणारच, थीटासोबत जोडीने बघावं लागतं.

फिल्टरवर जरा थांबतो, कारण इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. तुम्ही आधी दोन सेकंदांचे तुकडे पाडले आणि मग प्रत्येक तुकड्याला बँडपास लावला. एमएनई पायथन या ईईजीच्या सॉफ्टवेअरचा नेहमीचा एफआयआर प्रकारचा फिल्टर १ हर्ट्झच्या हाय-पासला (त्याखालचं सगळं काढून टाकायला) साधारण ३.३ सेकंद लांबीचा बनतो. तुमचा तुकडा दोन सेकंदांचा! फिल्टरच डेटापेक्षा लांब आहे, म्हणजे प्रत्येक तुकड्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत कडेचा परिणाम पसरलाय आणि मधे शुद्ध असं काही उरलेलंच नाही. आयआयआर हा दुसरा प्रकार वापरला असेल तरी कडेला डुगडुगतोच. त्यामुळे आधी सलग रेकॉर्डिंगला फिल्टर, मग तुकडे, हा क्रम उलटा करू नका. (रेकॉर्डिंग मधेच तुटलं असेल तर तो तुटका भाग ओलांडूनही फिल्टर चालवू नका, तिथे उडी असते आणि फिल्टर त्या उडीचा घंटानाद करून दोन्ही बाजूंना पसरवतो.)

दुसरं, पुढे-मागे दोनदा चालवायचा झीरो-फेज फिल्टर ऑफलाइन अभ्यासात छान, लाटेची जागा सरकत नाही. पण तो भविष्यातली सॅम्पल्स वापरतो. तुमचं मॉडेल शेवटी लाइव्ह चालणार असेल तर तिथे भविष्य हातात नसतं, तिथे कॉझल फिल्टर लागेल आणि त्याची फीचर्स वेगळी येतील, म्हणून ट्रेनिंगलाही पहिल्यापासून तोच कॉझल फिल्टर वापरा. आणि पुढेमागे कधी पी३०० सारख्या इव्हेंटला जोडलेल्या लाटा बघणार असाल तर १ हर्ट्झचा हाय-पास नकोच. एक चौकोनी पल्स त्यातून घालून बघा, पल्स संपल्यावर खाली एक खड्डा पडतो जो मूळ सिग्नलमध्ये नव्हता, झीरो-फेज असेल तर खड्डा पल्सच्या आधीही पडतो, आणि लोक त्या खड्ड्याला नाव देऊन मोकळे होतात. तिथे ०.१ हर्ट्झच्या आसपास राहिलेलं बरं.

मेन्सच्या, म्हणजे घरातल्या विजेच्या, गुणगुणीबद्दल एकच गोष्ट सांगतो जी सहसा कोणी बघत नाही. तुमचा लो-पास ४० ला आहे म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झ गेलं असं आपण धरून चालतो. पण हेडसेट १२८ हर्ट्झने सॅम्पल करत असेल आणि त्याच्या आतला अँटी-अलियास फिल्टर (सॅम्पलिंगच्या निम्म्यावरचं आधीच काढून टाकणारा) कच्चा असेल, तर ५० चा दुप्पट १०० हर्ट्झ दुमडून २८ हर्ट्झवर येतो, म्हणजे बीटामध्ये (साधारण १३ ते ३० हर्ट्झ). आणि मेन्स ६० चा असेल तर १२० दुमडून ८ वर, थेट अल्फाच्या दारात. एकदा दुमडलं की नंतरचा कुठलाही फिल्टर ते वेगळं करू शकत नाही. स्पेक्ट्रममध्ये सुईसारखं टोक दिसलं, सगळ्या लोकांमध्ये अगदी त्याच आकड्यावर, तर ते मेंदूचं नाही, मेंदूची शिखरं बोजड आणि रुंद असतात आणि माणसागणिक सरकतात.

तुकड्याची लांबी. दोन सेकंद म्हणजे ०.५ हर्ट्झचं रिझोल्यूशन, आणि १ हर्ट्झच्या डेल्टाची त्यात जेमतेम दोन आवर्तनं बसतात, त्यावरून काय अंदाज येणार. पेंग ही दहा-दहा सेकंदांत, मिनिटांत बदलणारी गोष्ट आहे, झोपेचं स्कोअरिंग करणारे लोक ३० सेकंदांच्या तुकड्यावर काम करतात, तुम्हाला दोन सेकंदांची घाई कशाला? १० ते ३० सेकंद घ्या, त्यात वेल्च पद्धतीने चार-चार सेकंदांच्या हॅन विंडोची (कडा हळूहळू शून्यावर आणलेल्या तुकड्यांची) सरासरी काढा, एका एफएफटीपेक्षा आकडा खूप स्थिर येतो. मग लॉग घ्या, कच्ची पॉवर तशीच मॉडेलला देऊ नका.

आणि बँड पॉवर म्हणजे ऱ्हिदम नव्हे. ईईजीचा स्पेक्ट्रम डावीकडून उजवीकडे उतरता असतोच, कुठलीही लय नसली तरी. हा उतार थोडा तिरपा किंवा सपाट झाला की थीटा-बीटा रेशो बदलतो आणि वाटतं की थीटा वाढला. वयानेही हा उतार सपाट होत जातो. २०२० मध्ये आलेली फूफ नावाची पद्धत, जिला आता स्पेकपॅरम म्हणतात, उतार वेगळा आणि त्यावरची टेकाडं वेगळी काढून देते. तुमच्या कामाला उतार हे स्वतंत्र फीचर म्हणून घालून बघा.

३० हर्ट्झच्या वरचा मोह टाळा. कपाळ, जबडा, मान यांच्या स्नायूंचा सिग्नल २० हर्ट्झपासूनच सुरू होतो आणि वर शेकड्यांत जातो. २००७ मध्ये एका गटाने माणसांचे स्नायू औषधाने तात्पुरते लुळे करून ईईजी घेतला तेव्हा २० च्या वरचा बराचसा सिग्नल गायब झाला. पेंगणाऱ्याचा जबडा सैल पडतो, त्यामुळे तुमचं मॉडेल बीटा आणि त्यावरच्या गॅमावरून जबडा वाचत असण्याची दाट शक्यता आहे.

मग आयसीए (मिसळलेले सिग्नल वेगळ्या घटकांत फोडणारी पद्धत) लावून सगळं साफ करू का? आठ चॅनेल म्हणजे जास्तीत जास्त आठ घटक. डोळ्याचा एक घटक चांगला निघेल, बाकी सगळं एकमेकांत मिसळलेलं राहील. त्यातही ॲव्हरेज रेफरन्स केला असेल (प्रत्येक चॅनेलमधून सगळ्यांची सरासरी वजा केली असेल) तर रँक, म्हणजे स्वतंत्र चॅनेलची संख्या, एकने कमी होते, आठ चॅनेलमध्ये खरी माहिती सातचीच उरते, आणि आठ घटक मागितले की अल्गोरिदम एक भुताटकी घटक काढून देतं. बत्तीस-चौसष्ट चॅनेल असतील तेव्हा आयसीए जरूर, १ हर्ट्झ हाय-पास केलेल्या कॉपीवर फिट करून वेट्स मूळ डेटाला लावा. आठवर मी नुसता डोळ्याचा घटक काढेन आणि बाकीच्यासाठी वाईट तुकडे सरळ फेकून देईन. पण किती फेकले त्याची नोंद ठेवा, कारण पेंगणाऱ्याचे कमी आणि चुळबुळ करणाऱ्याचे जास्त फेकले गेले तर तोही एक छुपा लेबल झाला.

कोहेरन्स, कनेक्टिव्हिटी वगैरे चॅनेल एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारी मापं आठ चॅनेलवर काढायच्या भानगडीत पडू नका. शेजारचे दोन इलेक्ट्रोड म्हणजे एकाच स्पीकरसमोर ठेवलेले दोन माइक, त्यांचं जुळणारच. काढायचीच असेल तर शून्य-लॅगचा, म्हणजे एकाच क्षणी जुळणारा, भाग वगळणारी मापं वापरा, वेटेड फेज लॅग इंडेक्ससारखी.

आता मनगटाचा बँड. पहिली गोष्ट, वेळ. ब्लूटूथची पॅकेट्स गठ्ठ्याने येतात आणि बरीच ॲप्स पॅकेट पोचल्याची वेळ लिहितात, सॅम्पल घेतल्याची नाही. त्यात दोन उपकरणांची घड्याळं वेगवेगळी: २० पीपीएमचा (दहा लाखांत वीसचा) फरक असला तर तासाला ७२ मिलिसेकंद. तुमच्या ३० सेकंदांच्या तुकड्याला हे काहीच नाही, इव्हेंटच्या लाटा बघणाऱ्याला हे मारक आहे. तुम्हाला खरा धोका हरवलेल्या पॅकेट्सचा. २५० हर्ट्झने एक तास म्हणजे ९ लाख सॅम्पल्स, फाइलमध्ये ८ लाख ९० हजार असतील तर ४० सेकंद कुठेतरी गायब आहेत आणि त्यानंतरची सगळी लेबलं सरकली आहेत. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी बँड घातलेल्या हाताने हेडसेटवर तीन टिचक्या मारायला सांगा, दोन्हीकडे टोकं दिसतात, त्यावरून जुळवता येतं.

पीपीजीवरून हार्ट रेट ठीक आहे, एचआरव्ही (ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार) जपून. बरेच बँड २५ हर्ट्झने सॅम्पल करतात, म्हणजे दोन सॅम्पलमध्ये ४० मिलिसेकंद, आणि तुम्ही मोजायला निघालात आरएमएसएसडी, एचआरव्हीचं एक माप, जो मुळात काही दहा मिलिसेकंदांचा असतो. शिखराभोवती इंटरपोलेशन केल्याशिवाय तो आकडा निव्वळ राउंडिंग आहे. दोन सेकंदांच्या तुकड्यात तर दोन-तीनच ठोके येतात, त्यावरून काढलेल्या एचआरव्हीला अर्थच नाही, एचआरव्हीच्या १९९६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कमी कालावधीचं प्रमाण रेकॉर्डिंगच ५ मिनिटांचं धरलंय. हालचालीचं प्रकरण वेगळं: कोणी लयीत बोटं वाजवत असेल किंवा पाय हलवत असेल, सेकंदाला दोनदा, तर अल्गोरिदम त्यालाच नाडी समजून १२० सांगायला लागतं. ॲक्सेलरोमीटरचा स्पेक्ट्रम शेजारी लावा, दोन्हीकडे शिखर एकाच आकड्यावर असेल तर तो तुकडा सोडून द्या. ॲक्सेलरोमीटरमधून गुरुत्वाकर्षणाचा ९.८ आधी बाजूला करा, अगदी हळू बदलणारा भाग म्हणजे हाताची पोझिशन, उरलेला म्हणजे हालचाल.

लेबलबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीये आणि तिथेच अर्धी लढाई असते. माणसाला विचारून घेतलं असेल तर कॅरोलिन्स्का या झोपाळूपणाच्या स्केलवर १ ते ९ मध्ये घ्या, आणि शक्य असेल तर सोबत रिॲक्शन टाइमही, त्यात ५०० मिलिसेकंदांच्या वर गेलेला प्रतिसाद लॅप्स, म्हणजे लक्ष सुटलं असं, धरतात. दर काही मिनिटांनी एकदा विचारलेलं उत्तर मधल्या प्रत्येक तुकड्याला चिकटवलं असेल तर त्यातली बरीच लेबलं चुकीची आहेत हे धरूनच चाला.

हे सगळं नीट केल्यावर, खोट्या डेटावर पाइपलाइन चालवून बघा. उतरत्या स्पेक्ट्रमचा नुसता नॉइज बनवा, त्यात काही तुकड्यांत माहीत असलेल्या उंचीची १० हर्ट्झची लाट मिसळा, आणि बघा ती तेवढीच परत मिळते का. मग लाट न मिसळता नुसता नॉइज घाला. त्यातही मॉडेल पन्नासच्या बरंच वर जात असेल तर गळती अजून आहे, पुढे जाऊ नका.

मग तीन वेगळी मॉडेल्स करा: एक नुसतं डोळ्याचं, एक नुसतं मनगटाचं, एक डोळा काढून उरलेल्या ईईजीचं. प्रत्येकाची लॉग पॉवर त्या माणसाच्या पहिल्या तीन-चार मिनिटांच्या तुलनेत मांडा, कारण नवीन माणूस आला तरी तेवढी मिनिटं तुमच्याकडे असतातच, पूर्ण तासाची सरासरी मात्र लाइव्हमध्ये नसते. साधं लॉजिस्टिक रिग्रेशन पुरे. वीस लोकांच्या डेटावर डीप नेटवर्क पाठांतरच करणार. एकट्या डोळ्याने तिन्हींच्या बेरजेइतकं जमत असेल तर ईईजी तिथे फारसं काही करत नाहीये, आणि ते लिहून टाकण्यात लाज नाही.

आकडा सांगताना एकच सरासरी देऊ नका. जागेपणाचे तुकडे ७० टक्के असतील तर डोळे झाकून सगळ्याला 'जागा' म्हटलं तरी ७० मिळतात, म्हणून बॅलन्स्ड ॲक्युरसी (जागं आणि पेंग यांची वेगळी ॲक्युरसी काढून त्यांची सरासरी) घ्या आणि वीसच्या वीस माणसांचे आकडे वेगवेगळे मांडा. बहुतेक वेळा चित्र असं दिसतं की काही लोकांवर मॉडेल झकास चालतं आणि काहींवर नाणं उडवल्यासारखं. त्या दुसऱ्या लोकांचा कच्चा सिग्नल परत उघडून बघा, कोणाचा मागचा इलेक्ट्रोड सुटलेला असेल, कोणाला अल्फाच नसेल, कोणी पेंगलाच नसेल. नवीन लोक गोळा करायच्या आधी हे एवढं करा, आणि मग त्या लोकांचे प्लॉट्स टाका, पुढचं त्यावर बोलू.